निकाली नोंदवही

९ जानेवारी

उत्तर आलं. तीस दिवसांत मी पोस्टमनच्या सायकलची घंटा इतर शंभर घंट्यांतून ओळखायला शिकले, आणि उत्तर आलं ते दीड ओळीचं.

माहितीच्या अधिकारात मी विचारलं होतं: गेल्या तीन वर्षांत गावाशेजारच्या लष्करी छावणीच्या हद्दीत किती स्फोट करण्यात आले, तारीख आणि वेळेसह. उत्तर असं: "स्फोट : निरंक. आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

निरंक म्हणजे शून्य. ते वाचत असतानाच, मी काम करते त्या दुकानाच्या काचा थरथरल्या आणि झेरॉक्स मशीनवरचा चहाचा पेला सरकत सरकत कडेला आला. एका हाताने मी पेला धरला. दुसऱ्या हातात निरंक. मालकीणबाई कागद मोजता मोजता म्हणाल्या, "सही करायची राहिली होती वाटतं पत्रावर. ती केली बघ त्यांनी."

दुकानावरच्या खोलीत आमच्या समितीचं कार्यालय आहे. नाव लांबलचक आहे, पण सगळे 'भिंत समिती' म्हणतात, कारण शाळेच्या भिंतींना गेलेल्या तड्यांवरून ती सुरू झाली. कार्यालय म्हणजे दोन खुर्च्या, एक कपाट, आणि भूगोलाचे निवृत्त मास्तर, ज्यांना सगळं गाव नकाशा सर म्हणतं. त्यांनी पत्र उजेडात धरून पाहिलं, जणू मागच्या बाजूला खरं उत्तर असेल. मग म्हणाले, "छान. आता आपल्याकडे त्यांचं लेखी खोटं आहे." मला ते पटलं नाही. लेखी खोट्याने छत पडायचं थांबत नाही.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "जेवून घे." बाबा छावणीतच रंगारी आहेत. दारांवरचे नंबर, पेट्यांवरची अक्षरं, 'आत येण्यास मनाई'च्या पाट्या, सगळं त्यांच्या हातचं. आम्ही राहतो ते क्वार्टरही छावणीचं. जिथलं मीठ खातो तिथलंच विचारतेस, असं आई एकदा म्हणाली होती. बाबा तेवढंही म्हणत नाहीत. ते जेवून घे म्हणतात.

१२ जानेवारी

आज शाळेत छताचा पोपडा पडला. माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गात, पहिल्या बाकावर. मुलं प्रार्थनेच्या तालमीला बाहेर गेली होती म्हणून निभावलं. पोपडा म्हणजे नखाएवढा नव्हे. धाकटीने हाताने दाखवला, पोळपाटाएवढा.

"आम्ही आता दप्तर डोक्यावर घेऊन बसतो," ती म्हणाली. "बाईंनीच सांगितलंय. गणिताच्या तासाला बरं पडतं, बाईंना दिसत नाही कोण झोपलंय."

आई हसली. मला हसू येईना. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही तिथे असता. तुम्हाला माहीत आहे तिथे काय होतं. एक शब्द बोलत नाही तुम्ही." त्यांनी भाजी वाढून घेतली. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. तेव्हा मान वर करून म्हणाले, "हं? मीठ बरोबर आहे."

इतका राग आला की मी ताटावरून उठले. नंतर भूक लागली, तेव्हा स्वतःचाच राग आला. पदवीच्या समारंभाला हेच बाबा नवा सदरा घालून सगळ्यात मागे उभे होते. मी त्यांना पुढे बोलावलं तर म्हणाले, "इथून अक्षर चांगलं दिसतं." मंचावरची पाटी पाहत होते. घरातली मी पहिली पदवीधर, आणि बाबा पाटीचं अक्षर पाहत होते.

१५ जानेवारी

दुसरा अर्ज दिला. या वेळी कुठलीच पळवाट ठेवली नाही. स्फोट, धमाका, सराव, गोळीबार, चाचणी, प्रात्यक्षिक. शब्दकोश घेऊन बसले होते. सर म्हणाले, "अगं, अर्ज आहे की भेंड्या?"

अर्जावर पत्ता समितीच्या खोलीचा घातला, सरांच्या सांगण्यावरून. "घरचा पत्ता कधी द्यायचा नाही," ते म्हणाले. मला ते भित्रेपणाचं वाटलं.

२ फेब्रुवारी

काहीच नाही. हात रिकामे राहिले की मी वेड्यासारखी वागते. आज दुकानातला कागदांचा गठ्ठा तीनदा नीट लावला. मालकीणबाई म्हणाल्या, "तो काय लग्नाला जायचाय?"

बाबा टीव्ही फार मोठा लावतात हल्ली. मी कमी केला की पुन्हा मोठा करतात. मला चिडवायला करतात असं वाटतं.

१३ फेब्रुवारी

स्फोट : निरंक. धमाका : निरंक. सराव : निरंक. गोळीबार : निरंक. चाचणी : निरंक. प्रात्यक्षिक : निरंक. अर्ज निकाली.

सहा वेळा टाइप करताना त्या कारकुनाला काही वाटलं असेल का? मला त्याचा चेहरा पाहावासा वाटतो.

सरांनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि बराच वेळ नकाशाकडे बघत बसले. मग म्हणाले, "खोटं बोलत नाहीयेत ते. त्यांच्याकडे त्या गोष्टीला दुसरं नाव आहे. नाव माहीत असल्याशिवाय वस्तू मिळत नाही. घराला नंबर नसेल तर पोस्टमन काय करणार?"

हे मी घरी सगळ्यांना सांगितलं. बाबांना दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा मी अगदी त्यांच्या पुढ्यात बसून, एकेक शब्द सुटा करून बोलले, शाळेतल्यासारखं. "त्यांच्याकडे. वही. असणार. तिचं. नाव. कळत. नाही." ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग म्हणाले, "पेन्सिलीला टोक कर जरा."

भिंतीशी बोलावं. निदान तिला तडे तरी जातात.

१५ फेब्रुवारी

आज बऱ्याच महिन्यांनी बाबांनी चिठ्ठी आणली.

हे लिहून ठेवते, कारण मला फार बरं वाटलं. मी सातवीत होते तेव्हापासूनची पद्धत आहे. बाबा चौथीपर्यंत शिकलेत. अक्षर मोत्यासारखं काढतात, पण ऱ्हस्व-दीर्घाची खात्री नसते. म्हणून दुसऱ्या दिवशी जे रंगवायचं असेल ते चिठ्ठीवर लिहून आणायचे आणि मी तपासायचे. एकदा मी 'अग्निशामक' दुरुस्त केलं होतं. साहेबांनीच चुकीचं लिहून दिलं होतं. तेव्हापासून ते मला मास्तरीण म्हणतात. कॉलेजात गेल्यावर माझं तपासणं कमी झालं आणि त्यांचं आणणंही.

आजच्या चिठ्ठीवर दोन शब्द होते : निकाली नोंदवही.

"यात 'नि' पहिली वेलांटी की दुसरी?"

"पहिली. आणि 'ली'ला दुसरी."

"नक्की?"

"बाबा, मी पदवीधर आहे."

"म्हणून तर विचारतोय. आणि 'नोंद'चा अनुस्वार?"

'नोंद'चा अनुस्वार! असल्या शंभर नोंदवह्यांच्या पाठींवर त्यांनी नावं घातली असतील. वय होत चाललं, दुसरं काय. मी प्रेमाने सांगितलं.

मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "नवी आहे. जुनी भरली. मंगळवार-शुक्रवार भरत असते. पेट्या जुन्या झाल्या की न्यायच्या खड्ड्यावर." एका दमात इतकं ते कधी बोलत नाहीत. आईने ताट जरा जोरात ठेवलं. "जेवताना कचेरी नको," ती म्हणाली.

चिठ्ठी या वहीत खूण म्हणून ठेवली आहे.

१६ फेब्रुवारी

सापडलं! दात घासताना सापडलं, तोंडात फेस असतानाच मी ओरडले.

निकाली. माझे अर्ज निकाली काढतात, तसाच जुना दारूगोळाही निकाली काढत असणार! त्यांच्या लेखी तो स्फोट नाहीच. तो फक्त निपटारा. म्हणून सहा वेळा निरंक. मी दोन महिने शब्दकोश चाळत होते आणि शब्द माझ्या हातातल्या पत्रात होता.

सरांकडे धावत गेले. ते म्हणाले, "शब्द कुठून काढलास?"

"त्यांच्याच पत्रातून," मी म्हटलं. आणि ते खरंच आहे. पत्र दाखवलं.

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वडील काय म्हणतात?"

"बाबा काही म्हणत नाहीत. ते जेवून घे म्हणतात."

मला अर्जात 'खड्डा', 'पेट्या' वगैरे घालायचं होतं. सरांनी सगळं खोडलं. "जितकं कमी विचारशील तितकं जास्त मिळेल." शेवटी एकच ओळ राहिली : आपल्या कार्यालयाच्या निकाली नोंदवहीची गेल्या तीन वर्षांची प्रत मिळावी.

पण पत्ता मी घरचा घातला. क्वार्टरच्या नंबरासकट. सर पोस्टात नव्हते, म्हणून जमलं. आपण चोरी करत नाही आहोत. कायद्याने दिलेला हक्क मागताना तोंड लपवायचं म्हणजे त्यांचंच म्हणणं खरं करायचं. घरी सांगितलं तेव्हा आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. बाबांना ऐकू गेलं नसावं. आई त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आणि हळू काहीतरी बोलली.  बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्षर नीट काढलंस ना पत्त्याचं?"

१४ मार्च

बासष्ट पानं!

पाकीट इतकं जाड होतं की पोस्टमनने दारातून हाक मारली. कुणा कारकुनाने इमानेइतबारे प्रत्येक पानावर 'खरी प्रत' असा शिक्का मारून सगळी वही पाठवली आहे. तारीख, वेळ, वजन, वाऱ्याची दिशा, शेरा. तीन वर्षांत एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा.

सर आणि मी खोलीत जमिनीवर पानं पसरून बसलो. चालायला जागा नव्हती. मला वाटलं होतं की मी नाचेन. पण वाचता वाचता गार पडत गेले. वजन वाढत गेलं आहे. पहिल्या वर्षीपेक्षा आता चौपट. आणि शेऱ्याच्या रकान्यात कुणीतरी, नीटनेटक्या माणसाने, दर वेळी खरं लिहिलं आहे.

"वारा शाळेकडे."

"वारा शाळेकडे. शाळा सुटण्यापूर्वी उरकले."

"शाळेकडील काच फुटल्याचे समजते. वजन पूर्ववत ठेवण्याचा आदेश."

मी बारा जानेवारी शोधली. सकाळी दहा चाळीस. वारा शाळेकडे.

धाकटीचा पहिला बाक. दहा चाळीस.

ज्याने हे लिहिलं त्याला माहीत होतं. हा मनुष्य दर मंगळवारी, शुक्रवारी हात धुऊन घरी जातो. पण त्याने लिहून ठेवलं, हेही आहे. मला त्याचा राग धड करता येत नाही.

घरी बाबांना पहिलं पान दाखवलं. त्यांनी मजकूर पाहिलाच नाही. वहीच्या पाठीच्या फोटोवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "प्रत काळी आली आहे. अक्षर भरलं." मग न विचारताच मला चहा करून दिला.

२१ मार्च

सरांनी ठरवलं आहे : वीस एप्रिलला शाळेच्या मैदानात सगळ्या पालकांची सभा. तारखांचा मोठा तक्ता करायचा. ज्याने त्याने आपली तारीख शोधायची : कुणाची काच, कुणाचं बाळ दचकून उठलं, कुणाची भिंत. मागणी दोनच. वजन कमी करा, आणि शाळेच्या वेळेत नको. इतकी साधी मागणी की लाज वाटावी, त्यांना.

मी कामात बुडाले आहे. पाय थांबत नाहीत. मालकीणबाईंनी आज शाई फुकट दिली आणि वर म्हणाल्या, "माझ्या काचेची तारीख मात्र मोठ्या अक्षरात घाल."

बाबांच्या नखांत हल्ली फक्त पांढरा रंग असतो. पूर्वी सगळे असत. विचारलं तर म्हणाले, "रस्त्याकडेचे दगड रंगवतोय." एवढा कसबी माणूस, आणि दगडांना चुना. मी म्हटलं, "तक्रार करा ना." ते म्हणाले, "दगडांची शुद्धलेखनाची चूक होत नाही. बरं असतं."

२८ मार्च

क्वार्टरची पाहणी करायला दोघे आले होते. नळ मोजले, खिडक्या मोजल्या, दाराची कडी हलवून पाहिली. रंग काढायचा असेल. वेळेवर आले, स्वयंपाकघराच्या भिंतीचा रंग गेलाच आहे.

आई वरच्या फळीवरची भांडी कागदात गुंडाळते आहे. मी म्हटलं, "आता कसली साफसफाई?" ती म्हणाली, "तुला काय करायचंय, तू देश सुधार."

३ एप्रिल

आज मला कळलं. मी किती मूर्ख आहे हे लिहायला या पानावर जागा पुरायची नाही.

मला छावणीच्या माहिती अधिकाऱ्यांनी भेटायला बोलावलं होतं. मला वाटलं, पुढची पानं देणार. खोली स्वच्छ, टेबलावर काच, काचेखाली त्यांच्या मुलींचे फोटो. मोठ्या चष्म्याचे, मवाळ गृहस्थ आहेत. मला 'बेटा' म्हणाले. म्हणाले, "निकाली नोंदवही हे नाव बाहेर कुणालाच माहीत नाही. वहीची पाठ रंगवणारा एक माणूस आहे. त्याच्या क्वार्टरच्या पत्त्यावरून अर्ज आला. आता तुम्हीच सांगा, चौकशी समितीने काय समजायचं?"

मी काचेखालच्या फोटोंकडे बघत राहिले.

"तुमचे वडील म्हणतात, मी अक्षरं काढतो, वाचत नाही. दोनदा विचारलं, दोनदा तेच. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत त्यांची. दोष ठरला तर क्वार्टर जाईल, निवृत्तिवेतनही जाईल." त्यांनी काचेवरची धूळ बोटाने पुसली. "एक मार्ग आहे. आमच्याकडे नागरिकांच्या अर्जांचीही निकाली नोंदवही असते. तिचंही नाव तेच. तुम्ही लेखी द्या, की तुम्हाला ती हवी होती, दुसरी चुकून मिळाली. सगळी पानं आणि त्यांच्या प्रती परत करा. आमची चूक, तुमची चूक, फिट्टंफाट. प्रकरण निकाली निघेल."

आपण तोच शब्द वापरला हे त्यांच्या लक्षात आलं नाही. उलट माझ्यासाठी चहा मागवला. सगळ्यात वाईट म्हणजे माणूस वाईट नाही.

घरी आले तर बाबा घरीच. सोमवारपासून त्यांना घरी बसायला सांगितलं आहे. रोज डबा घेऊन निघत होते आणि तळ्याच्या काठी बसून परत येत होते.

मी म्हटलं, "बाबा, मला सांगितलं का नाही?" ते खिडकीकडे तोंड करून होते. वळलेच नाहीत. मी रडायला लागले. तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "डाव्या बाजूने बोलू नकोस. त्या कानाने तीन वर्षं ऐकू येत नाही त्यांना. खड्ड्याशेजारीच पाट्या रंगवायच्या असायच्या ना."

तीन वर्षं. आणि मी टीव्हीचा आवाज कमी करत होते.

५ एप्रिल

सरांना सांगितलं. मला वाटलं, ते तत्त्वाचं बोलतील आणि मी भांडेन. ते म्हणाले, "परत कर. शाळा मी दुसऱ्या मार्गाने वाचवीन." कुठल्या, ते त्यांनाही माहीत नाही. दहा वर्षं भिंतीवर एकच नकाशा लावून बसलेला माणूस.

पत्राचा मसुदा केला. चार ओळी. प्रत्येक ओळ व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे.

९ एप्रिल

पत्र अजून दिलं नाही. पिशवीत ठेवते, काढते, पुन्हा ठेवते. पिशवीत बासष्ट पानं आहेत. ती इतकी जड नसावीत.

खोटं मी कधी बोलले नाही असं नाही. पण माझं सगळं शिक्षण, घराने माझ्यावर केलेली एवढी मेहनत, ती अशा चार ओळी नीट लिहिता याव्यात म्हणून? आणि नाही लिहिल्या तर माझं खरं बोलणं बाबांच्या छपरावर उभं राहणार. छप्पर त्यांचं, खरं माझं. सोपं आहे तसं.

मंगळवार आहे. अकरा वाजता काचा वाजल्या. धाकटी शाळेत होती.

१६ एप्रिल

उद्या देणार. ठरलं. आईला सांगितलं. तिने फळीवर एक भांडं परत ठेवलं.

१७ एप्रिल

सकाळी मी चप्पल घालत होते. बाबा दारात उभे राहिले आणि हात पुढे केला. "बघू."

मी पत्र दिलं. ते उजेडात गेले, वेताचा मोडा ओढून बसले आणि वाचू लागले. बोट न फिरवता, ओठ न हलवता. मी त्यांना असं वाचताना कधी पाहिलं नव्हतं. कधी बघायलाच थांबले नव्हते, असंही असेल.

तिसऱ्या ओळीवर त्यांनी नख ठेवलं. "हा शब्द चुकलाय."

मी वाकून पाहिलं. 'चुकून' होता. "बरोबर आहे बाबा. 'चु' पहिला उकार, 'कू' दुसरा."

"उकार बरोबर आहेत," ते म्हणाले. "शब्द चुकलाय."

आई आतून बाहेर आली. पदराला हात पुसत उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिने त्यांच्याकडे, आणि माझ्याशी न बोलता त्यांचं काहीतरी ठरलं, किंवा आधीच ठरलेलं होतं. मग ती त्यांना म्हणाली, त्यांच्या उजव्या बाजूने, "माझ्या भावाच्या दोन खोल्या आहेत रिकाम्या. उंदीर आहेत, पण सरकारी नाहीत."

बाबा हसले. पत्राची चार पदरी घडी घालून खिशात टाकली. "तक्त्याला फळी कुठली आहे?" त्यांनी मला विचारलं.

"गावातला पेंटर नाही म्हणाला. घाबरला. म्हणून कागदावरच..."

"कागद वाऱ्याने उडतो," ते म्हणाले, आणि पलंगाखालून ब्रशांचा डबा ओढला. "वारा शाळेकडे असतो."

ते पान मी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं.

१९ एप्रिल

दोन दिवस शाळेच्या व्हरांड्यात आहोत. शाळेने जुना लाकडी फळा दिला, पुरुषभर उंच. बाबांनी तो घासून काळा केला, सुताने रेघा मारल्या. मी तारखा वाचायच्या, उजव्या बाजूने. ते लिहायचे. एकशे अठ्ठ्याऐंशी ओळी. धाकटी पाणी आणते आणि प्रत्येक ओळीला "वारा?" विचारते. 'शाळेकडे' आलं की बाबा तेवढा शब्द पिवळ्याने लिहितात. दुपारपर्यंत फळा नुसता पिवळा झाला.

येणारे-जाणारे थांबतात. कुणी विचारत नाही कुणाचं काम. बस थांब्याच्या पाटीपासून दवाखान्याच्या दारापर्यंत हेच अक्षर आहे, 'र'ला तीच शेपटी. मी मघाशी हळूच म्हटलं, "बाबा, अक्षर जरा बदलून काढलं असतं तर?" ते ब्रश टोकदार करत म्हणाले, "एवढंच माझं आहे. तेही बदलू?"

सर संध्याकाळी आले. फळ्यासमोर उभे राहिले आणि टोपी काढली, कुणी वारलं की काढतात तशी. मग बाबांना म्हणाले, "मी तुमच्या मुलीला विचारलं होतं, शब्द कुठून काढलास."

बाबांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. ते ब्रश पुसत होते. खिशातून चार पदरी घडीचा कागद काढून त्यालाच पुसत होते.

शेवटी मथळा राहिला. बाबांनी सगळ्यात जाड ब्रश घेतला आणि पांढऱ्यात बुडवला. मी सवयीने त्यांच्या उजव्या खांद्याशी जाऊन उभी राहिले. 'पहिली' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता.

त्यांनी मला विचारलं नाही. ब्रश टेकवला. नि, पहिली. का. ली, दुसरी. मध्ये बोटभर जागा सोडली. नो, आणि त्यावर अनुस्वार, एका झटक्यात, गोल.